बाकावरची सहासष्ट मिनिटं

"रविवारी मला पहिल्या अकरात घेऊ नकोस," एस्बेन क्विस्ट म्हणाला आणि समोरच्या बशीतला दालचिनीचा गोल पाव उचलून त्याने मोठा घास घेतला.

प्रशिक्षक येप्पे भिंतीवरच्या फळ्यावर रविवारच्या सामन्याची मांडणी करत होता. सहा आकड्याचं चुंबक त्याच्या हातात तसंच राहिलं. येप्पे एस्बेनपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण गेल्या महिन्याभरात तो दहा वर्षांनी मोठा दिसायला लागला होता.

"गुडघा?" त्याने विचारलं.

"गुडघा ठणठणीत आहे."

"मग काय? रिक्केशी भांडलास?"

"बायकोशी भांडून मी मॅच सोडणार असतो, तर चारशे खेळलो असतो का? ऐक. त्यांचा तो दहा नंबर. मार्चमध्ये त्यानं मला दोनदा मागं टाकलं. तो कुठं वळणार ते मला आधीच कळलं होतं. डोकं पोचलं, पाय पोचले नाहीत. सिलासचे पोचतील. त्याला पहिल्यापासून खेळव. आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं मला दे. तोवर सगळ्यांचे पाय गेलेले असतात. मग डोक्याचा खेळ सुरू होतो. तिथं मी अजून कुणाला ऐकत नाही."

येप्पे खुर्चीत बसला. "तुझी शेवटची मॅच आहे, एस्बेन. लोकांनी फलक रंगवलेत. महापौरबाई फुलं घेऊन येणारेत. तुला बाकावर बसवलं तर गाव मला बंदरात बुडवेल."

"हरलो तरी बुडवेल. त्यापेक्षा वरच्या गटात टिकून बुड ना."

येप्पेने हातातलं चुंबक टेबलावर ठेवलं. मग हसला. "खरं सांगू? आठ दिवस मी हेच तुला कसं सांगायचं, याची उजळणी करत होतो. आरशासमोर उभं राहून."

"माहिताय. म्हणून तर आलो. तुझं भाषण ऐकण्यापेक्षा माझं बरं."

आणि उरलेला पाव तोंडात टाकून एस्बेन सरावाला गेला.

स्कारबी हे जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं नऊ हजार वस्तीचं मासेमारीचं गाव. एवढ्याशा गावाचा संघ अकरा वर्षं डेन्मार्कच्या सर्वांत वरच्या गटात टिकून होता, ही गोष्ट कोपनहेगनच्या लोकांना गमतीची आणि स्कारबीच्या लोकांना अगदी साहजिक वाटायची. या वर्षी मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. रविवारी कोल्स्ट्रपशी निदान बरोबरी झाली तर संघ तरणार होता. हरला तर खालच्या गटात.

त्या अकराही वर्षांत संघाच्या मधोमध एस्बेन उभा होता. उभा होता हेच त्याचं वर्णन. पाहणाऱ्यांच्या नजरा चेंडूमागे धावायच्या. एस्बेन रिकाम्या जागेकडे पाहायचा. पुढच्या चार सेकंदांत घोटाळा कुठे होणार आहे ते त्याला दिसायचं, आणि तो तिथे जाऊन थांबायचा. त्यामुळे घोटाळा व्हायचाच नाही, आणि जो झालाच नाही त्याबद्दल टाळ्या कोण वाजवणार? चारशे बारा सामन्यांत त्याचे गोल नऊ. त्यातले पाच तर कॉर्नरच्या गर्दीत चेंडू येऊन अंगाला लागला म्हणून झालेले.

तेविसाव्या वर्षी तो बेल्जियममधल्या एका संघाकडे गेला होता. तिथल्या प्रशिक्षकाला पुढे पळणारी, वाऱ्यासारखी पोरं हवी होती. दोन हंगामांत अकरा सामने खेळून तो परत आला. गावात लोक हळूच विचारायचे, "काय रे, जमलं नाही का?" एस्बेन बिनधास्त सांगायचा, "नाही जमलं. मला पळता येत नाही हे कळायला बेल्जियमला जावं लागलं. बाकी जे येतं ते इथं उपयोगी पडतं का बघू." त्याच वर्षी स्कारबी वरच्या गटात चढलं.

आणि एकदा, एकोणतिसाव्या वर्षी, राष्ट्रीय संघातले दोघे एकाच आठवड्यात जायबंदी झाले म्हणून त्याला फोन आला. एका मैत्रीपूर्ण सामन्यात शेवटची चार मिनिटं त्याला मैदानावर सोडलं. चार मिनिटांत पाच वेळा चेंडू त्याच्याकडे आला, पाचही वेळा तो त्याने आपल्याच माणसाकडे दिला. पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या दिवशी वडील आयनार लाल-पांढरा मफलर गुंडाळून प्रेक्षकांत बसले होते. परतीच्या गाडीत तास-दीड तास ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाचातला एकही वाया नाही." आयनारकडून इतकी स्तुती पुन्हा कधी झाली नाही, आणि एस्बेनला ती जन्माला पुरली.

मंगळवारी दुपारी एस्बेन वडिलांना बातमी सांगायला गेला. आयनारचं सगळं आयुष्य जाळी विणण्यात आणि सांधण्यात गेलेलं. चौऱ्याहत्तरी आली, तरी बंदरामागच्या लाकडी खोपटात ते रोज दोन तास बसायचे. आताही मांडीवर हिरवं जाळं, तोंड दाराकडे, आणि बोटं आपली आपण चाललेली.

"बाबा, रविवारी मी बाकावर बसतोय."

बोटं थांबली. "कुणी बसवलं? त्या येप्पेनं?"

"मीच बसतोय. सिलास सुरुवात करेल. मी नंतर जाईन."

"क्विस्ट बाकावर!" आयनार उखडले. "तुझी आई असती तर तिनं येप्पेच्या घरी जाऊन त्याच्या कॉफीत मीठ टाकलं असतं."

"आईला पटलं असतं. ती म्हणायची, पाव करपायच्या आधी बाहेर काढावा."

"ती पावाबद्दल म्हणायची." आयनारनी सुई पुन्हा हातात घेतली. मग त्यांनी एकदम विचारलं, "कुठला बाक?"

"आपलाच. दुसरा कुठला?"

"म्हणजे आमच्या पायऱ्यांच्या खालचा?"

"हो. का?"

"काही नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बस. तिकडं वारा कमी लागतो."

एस्बेनला हसू आलं. चौदा-पंधरा वर्षं पश्चिमेच्या वाऱ्यात खेळणाऱ्या मुलाला बापाने वाऱ्याची काळजी सांगावी! त्याने राय धान्याच्या काळ्या पावावर खारवलेली हेरिंग मासळी ठेवून दोघांसाठी चार तुकडे केले, कॉफी ओतली, आणि रविवारच्या हवामानाबद्दल बोलून तो घरी गेला.

रिक्के गावच्या पंचक्रोशीत सुईण म्हणून काम करायची. ती ड्यूटीवरून येऊन पाय वर करून पडली होती. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा चिडले म्हणजे बरे आहेत. आणि तू? तुला वाईट वाटतंय का?"

"अजून नाही."

"वाटलं की सांग. तोवर कपडे वाळत घाल."

रविवारी आकाश निळंशार होतं आणि वारा नेहमीसारखा, कान उपटणारा. मैदानावर साडेपाच हजार माणसं. गावात मागे कोण राहिलं होतं, देव जाणे. सामन्याआधी संघाची नावं पुकारली तेव्हा सहा नंबरच्या जागी सिलासचं नाव ऐकून पायऱ्यांवर क्षणभर शांतता पसरली. कुणीतरी येप्पेच्या नावाने शिव्या हासडल्या. एस्बेन बाकाजवळ उभा राहिला, दोन्ही हात वर करून त्याने सिलाससाठी टाळ्या वाजवल्या. मग लोकांनीही वाजवल्या. त्याने सांगितलं म्हणून.

वडिलांचा सल्ला तो विसरला नव्हता. पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला मालिशवाल्याने आपल्या पिशव्या मांडल्या होत्या. एस्बेन अलीकडच्या टोकाला बसला. त्याच्या डोक्यामागे लोखंडी कठडा, आणि कठड्यापलीकडे पहिल्या पायरीवर आयनार आणि त्यांचा मित्र होल्गर. होल्गर पस्तीस वर्षं मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. त्याचं बोलणं म्हणजे उतारावरची गाडी, ब्रेक नसलेली.

पंचाची शिट्टी झाली, आणि एस्बेनच्या मागे होल्गरची गाडी सुटली.

"आपल्याकडं बॉल, मागं दिला, गोलीकडं, गोलीनं लांब मारला, वाऱ्यानं खाल्ला, त्यांच्याकडं गेला, त्यांचा दहा नंबर, तोच तो शेंडीवाला, वळतोय, सिलास आडवा, सिलासनं काढला! काढला, डावीकडं दिला, बाहेर. थ्रो त्यांचा."

एस्बेनला गंमत वाटली. म्हातारा सवयीचा गुलाम आहे, लिलाव संपला तरी जीभ थांबत नाही, असं त्याच्या मनात आलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. होल्गर थांबेना. मध्येच आयनारचा आवाज आला, "आमचा कुठंय?"

"बसलाय."

"कुठं?"

"तुझ्या पुढ्यात. अलीकडच्या टोकाला. हात लांब केलास तर टोपी उडवशील."

"हळू बोल मग, गाढवा!"

होल्गरचा आवाज खाली गेला, पण लिलाववाल्याचा खालचा आवाज तो केवढा खाली जाणार! एस्बेनला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"काय करतोय?" आयनार.

"पाय हलवतोय."

"कुठला?"

"उजवा."

"मग ठीक आहे. घाबरला की डावा हलवतो."

एस्बेनने खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय हलत होता. त्याने तो थांबवला.

"थांबवला," होल्गर म्हणाला.

मागे वळून पाहावं असं एस्बेनला वाटलं, पण मान वळेना. हातभर अंतरावर बसलेल्या मुलाचा पाय बापाला दिसत नव्हता. आणि मग एकामागून एक गोष्टी आपसूक सांधल्या गेल्या. चार वर्षांपूर्वी आयनारनी सायकल पुतण्याला देऊन टाकली, गुडघे दुखतात म्हणून. पेपर बंद केला, त्यात खोटंच असतं म्हणून. कॉफी ओतताना कपाच्या कडेवर बोट ठेवायची सवय. दाराकडे तोंड करून जाळं सांधणं. आणि दर सामन्यानंतर फोनवर इतकी बारीक टीका, की एस्बेनला वाटायचं, या म्हाताऱ्याची नजर घारीसारखी आहे. ती नजर होल्गरची होती. चार वर्षं.

"एस्बेन!" येप्पेने खांद्यावर थाप मारली. "कुठं आहेस? सिलासकडं बघ. ठीक चाललंय ना?"

एस्बेनने मैदानाकडे पाहिलं. डोळे ओले झाले होते, पण त्याचा दोष वाऱ्यावर टाकता येत होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "फक्त त्याला सांग, उजव्या बाजूला जास्त सरकतोय. मधला दरवाजा उघडा राहतोय."

मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. सिलासने दहा नंबरला सावलीसारखा धरून ठेवला होता. मध्यंतरात एस्बेनने त्याच्या घामेजल्या मानेवर हात ठेवून सांगितलं, "मला जमलं नसतं असं खेळतोयस." सिलास चोवीस वर्षांचा, मितभाषी, त्याने नुसती मान हलवली, पण पाणी पिताना त्याचे कान लाल झाले होते.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला सिलासचा पाय घसरला. एवढंच. दहा नंबर एकदाच सुटला, आणि एकदाच त्याला पुरेसं होतं. कोल्स्ट्रप एक, स्कारबी शून्य.

मागे होल्गर गप्प झाला. आयनारनी विचारलं नाही. साडेपाच हजार माणसांची शांतता आंधळ्यालाही दिसते.

बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला. "तो उठला का?"

"उठला. बूट बांधतोय."

सहासष्टाव्या मिनिटाला चौथ्या पंचाने फलक वर धरला. येप्पेने दमलेला डावा आक्रमक बाहेर घेतला, सिलासला पुढे सरकवलं, आणि एस्बेन आत गेला. सगळं मैदान उभं राहिलं. एरवी एस्बेन गपचूप खेळायचा. हाताने खुणा करायचा, भुवईने जागा दाखवायचा. संघातली मुलं म्हणायची, एस्बेनबरोबर खेळणं म्हणजे मुक्यांच्या शाळेत जाणं. त्या दिवशी मैदानाच्या मध्यावर पोचताच त्याने पहिली आरोळी ठोकली.

"सिलास! वर! वर जा, मी आहे इथं! मी मधे आहे!"

सिलासने दचकून मागे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतोस? बॉल डावीकडं! डावीकडून येतोय! आला! घेतला मी! परत घे!"

तो शेवटच्या शिट्टीपर्यंत ओरडत राहिला. कोण कुठे आहे, चेंडू कुणाकडे आहे, आपण काय करतोय, सगळं. खरं तर तो बाकामागच्या पायऱ्यांच्या पहिल्या ओळीसाठी ओरडत होता. पण धास्तावलेल्या संघाला त्या आवाजाचा आधार सापडला. दहा मिनिटांत मुलांचे पाय ठिकाणावर आले. बचावातला उंच पोरगाही ओरडायला लागला. समोरचे गोंधळले. चेंडू मैदानाच्या मध्यावरून पुढे सरकेना, आणि सरकला की एस्बेन तिथे आधीच उभा असे.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला कोल्स्ट्रपच्या एका दमलेल्या खेळाडूने चेंडू आडवा दिला. हा पास तो देणार हे एस्बेनला त्याच्या खांद्यावरून कळलं होतं. तो तीन पावलं आधी निघाला. छत्तीस वर्षांच्या पायांना तीनच पावलं टाकायची होती. ती त्यांनी टाकली. "मिळाला!" तो ओरडला. "सिलास, तुझ्या उजव्या पायावर!" आठ-नऊ हातांचा साधा पास. सिलासने तो वळत्या पायाने बचावाच्या फटीतून पलीकडे सारला, आणि गांबियाहून आलेला एब्रिमा, जो वर्षभर सोप्या संधी वाया घालवल्याबद्दल शिव्या खात होता, त्याने मान वर न करता चेंडू जाळ्यात घातला.

त्यानंतरची, पंचाने वाढवून दिलेला वेळ धरून, अकरा मिनिटं स्कारबीतल्या कुणालाही नीट आठवत नाहीत. एस्बेनला आठवतात. त्याने त्या अकरा मिनिटांत चेंडू सहा वेळा कोपऱ्याच्या झेंड्याजवळ नेऊन अडवला, एकदा दहा नंबरचा सदरा धरून पिवळं कार्ड घेतलं, आणि पंचाला म्हणाला, "बरोबर दिलंत. मीही दिलं असतं." शेवटची शिट्टी झाली तेव्हा तो मधल्या वर्तुळात होता. बरोबरी. स्कारबी वरच राहिलं.

महापौरबाईंनी फुलं दिली. येप्पे त्याच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. सिलासने त्याच्याशी सदऱ्यांची अदलाबदल केली, जे एकाच संघातले खेळाडू कधी करत नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एब्रिमाचा फोटो होता, सिलासच्या पासची आकृती होती, आणि खाली बारीक अक्षरांत: बदली, सहासष्टावं मिनिट, क्विस्ट.

लोक पांगल्यावर एस्बेन कठड्याशी गेला. आयनार बसलेले होते. होल्गरने त्याला येताना पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याची जीभ अडखळली.

"होल्गर, घसा बसला असेल तुझा," एस्बेन म्हणाला. "जा, बिअर घे. माझ्या नावावर सांग."

होल्गरने एकदा आयनारकडे, एकदा एस्बेनकडे पाहिलं आणि तो टोपी सावरत निघाला.

आयनार समोर पाहत होते. "सीगल पक्ष्यासारखा कोकलत होतास. लाज नाही वाटली?"

"नाही. तुला किती दिसतं, बाबा?"

म्हाताऱ्याने हातातली काठी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर टेकवली. "कडेकडेचं दिसतं. मधोमध काळं. डॉक्टर म्हणाला, वयाचं आहे, परत यायचं नाही. त्या कडेनं पळणाऱ्या माकडांचे पाय मला दिसतात. आणि तू पडलास मधला." ते किंचित हसले. "नशीब बघ. पोरगं जर विंगवर खेळलं असतं तर काही बिघडत नव्हतं."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

एस्बेनने कठड्यावर कोपरं टेकली.

"आज केलंस तेच. माझ्यासाठी खेळला असतास. मधल्या माणसानं पायऱ्यांकडं बघायचं नसतं, एस्बेन. त्याच्या मागं चार जणांचा जीव टांगलेला असतो."

"पण आज त्यानंच जमलं, बाबा."

"एक दिवस जमलं. चार वर्षं जमलं नसतं." आयनारनी हात पुढे केला. एस्बेनने तो धरून त्यांना उठवलं. हात जाळ्याच्या दोरासारखा खरबरीत आणि घट्ट होता. दोघं फाटकापर्यंत चालत गेले. वाटेत भेटणारे लोक एस्बेनच्या पाठीवर थापा मारत होते, आणि प्रत्येक थापेसरशी आयनार विचारत होते, "हा कोण?" चार वर्षांत पहिल्यांदाच, उघडपणे.

जुलैच्या शेवटी नवा हंगाम सुरू झाला. येप्पेने एस्बेनला प्रशिक्षणाच्या चमूत ये म्हणून तीनदा विचारलं होतं. एस्बेनने शरद ऋतूपर्यंतची मुदत मागून घेतली होती. पहिल्या घरच्या सामन्याला तो पहिल्या पायरीवर वडिलांशेजारी बसला. होल्गरने आपली जागा खुशीने सोडली होती. "चार वर्षं बोलून बोलून एकही मॅच धड बघितली नाही मी," तो म्हणाला आणि वरच्या ओळीत बिअर, सॉसेज घेऊन राजासारखा बसला.

एस्बेनला हे काम येत नव्हतं. पहिल्या दहा मिनिटांत आयनार तीनदा वैतागले.

"बॉल कुठंय?"

"उजवीकडं. पण तिकडं काही होणार नाही. सिलास बघ, तो मागं सरकतोय. त्यांच्या दोघांच्या मधे पंधरा हात मोकळे आहेत, तिथं त्यांचा आठ नंबर शिरायला बघतोय."

"बॉल आहे का तिथं?"

"नाही."

"मग मला काय करायचंय?"

"थांब ना. सिलासला दिसलं. गेला तो. उभा राहिला. आता बॉल येईल. बघ, आला, आणि आठ नंबरला जागाच नाही. परत मागं दिला त्यानं. झालं."

"काय झालं?"

"काहीच नाही. गोल झाला असता. झाला नाही."

शेजारी बसलेल्या एका बाईने वळून एस्बेनकडे पाहिलं. तिला समोर काहीच घडलेलं दिसलं नव्हतं.

आयनार काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारणं बंद केलं. एस्बेन सांगत राहिला: कुठे जागा उघडतेय, कोण ती आधी पाहतोय, कुणाचे खांदे पडलेत, वारा फिरल्यावर चेंडू कुठे थांबेल. सांगता सांगता त्याच्या टाचा सिमेंटवर सरकत होत्या, तीन पावलं इकडे, दोन तिकडे. मध्यंतर जवळ आलं तेव्हा आयनार म्हणाले, "तू आत असताना हे सगळं बघायचास?"

"हो."

"रोज?"

"प्रत्येक मॅचला."

"होल्गरनं यातलं काही कधी सांगितलं नाही."

"त्याला दिसत नव्हतं, बाबा. कुणालाच दिसत नाही ते."

मैदानावर चेंडू बाहेर गेला होता. पोरं धापा टाकत आपापल्या जागी येत होती, आणि सहा नंबरचा सदरा घातलेला सिलास मधोमध एकटा उभा राहून मान वळवत होता, डावीकडे, मग उजवीकडे, मग मागे.

"थांबलास का?" आयनार म्हणाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि नीट पाहता यावं म्हणून डोळे मिटून घेतले. "हं. सांग पुढं."